राजाराम महाराज 'पळाले' असं लिहायच्या आधी ती वाट एकदा बघा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले तेव्हापासून पेपरात, व्हॉट्सअॅपवर, जिथे बघावं तिथे किल्ल्यांवर लेख येतायत, आनंदच आहे, मी सगळे वाचतो आणि कात्रणं काढून ठेवतो. पण एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून आज शेवटी लिहायला बसलो. १२ पैकी ११ किल्ले महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी, तो तमिळनाडूत. आणि या बाराव्याबद्दल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य असतं, की संभाजी महाराजांच्या नंतर राजाराम महाराज रायगडावरून पळून जिंजीला गेले. संपलं. तुमच्या रविवारच्या पुरवणीतही तसंच होतं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तर एकानं सरळ लिहिलं की थोरले झुंजून गेले आणि धाकटे पळाले, आणि त्यावर पटापट अंगठे पडले. मला खरंच वाईट वाटलं. त्या ग्रुपवर मी काही बोललो नाही, कारण चार ओळीत सांगण्यासारखं ते नाहीच.

मी मूळचा कोल्हापूरचा, घराच्या गच्चीवरून पन्हाळा दिसतो. गेली सोळा वर्षं नोकरीमुळे बंगळूरला आहे. गणपतीला आणि दिवाळीला गावी जायचं म्हणजे रात्रीची स्लीपर बस, संध्याकाळी बसायचं आणि सकाळी कोल्हापूर. निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, हरिहर, मग दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. इतक्या वर्षांत हा रस्ता पाठ झालाय. पण याच पट्ट्यातून एकोणीस वर्षांचा एक छत्रपती अंगावर यात्रेकरूचे कपडे घालून, पाठीवर मोगलांची फौज घेऊन गेला होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. शाळेत कोणी सांगितलं नाही. पावनखिंड सांगितली, आग्र्याचे पेटारे सांगितले, ते सांगायलाच पाहिजे, पण ही तिसरी सुटका एका वाक्यात गुंडाळली.

आधी ती वेळ काय होती ते बघा. १ फेब्रुवारी १६८९ ला संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले. ११ मार्चला औरंगजेबानं त्यांना हाल हाल करून मारलं. ते जिवंत असतानाच रायगडावर राजाराम महाराजांचं मंचकारोहण उरकलं होतं, कारण गादी रिकामी ठेवून चालणार नव्हतं. मार्च संपायच्या आत इतिकादखान, जो पुढे झुल्फिकारखान म्हणून ओळखला गेला, तो रायगडाला वेढा घालून बसला. विजापूर १६८६ ला गेलेलं, गोवळकोंडा १६८७ ला गेलेलं, म्हणजे दख्खनमध्ये आसरा मागावा असं एकही दरबार उरलेलं नाही. किल्लेदार फितूर होतायत, बादशहा स्वतः दख्खनमध्ये ठाण मांडून बसलाय. आणि गडावर कोण, तर संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई, त्यांचा सात वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा शाहू आणि एकोणिसाव्या वर्षी राजा झालेला दीर. सगळा राजवंश एका डोंगरावर, आणि खाली वेढा आवळत चाललेला.

बखरीत येतं की तेव्हा येसूबाईंनीच विषय काढला, की सगळ्यांनी एकाच जागी अडकून राहणं बरोबर नाही, तुम्ही बाहेर पडा, गड आम्ही लढवतो. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो ना तेव्हा इथेच थांबतो. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. कसा गेला तेही माहीत होतं. गादीवर हक्क खरं तर आपल्या मुलाचा, आणि ही बाई म्हणतेय की राजाला वाचवा, मी आणि माझं पोर मागे थांबतो. म्हणजे पळायचा हा निर्णय घाबरून कोणी रातोरात घेतलेला नाही, चार डोक्यांनी बसून घेतलाय, आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत कोणी भरायची तेही तिथेच ठरलंय.

५ एप्रिलला राजाराम महाराज गडावरून उतरले, वाघ दरवाजानं उतरले असं सांगतात. ज्यांनी वाघ दरवाजाची बाजू बघितलीय त्यांना सांगायला नको, तिथून दिवसा खाली बघितलं तरी पाय गार पडतात. मग प्रतापगड, मग पन्हाळा. मोगल मागे मागे, पन्हाळ्यालाही वेढा. इकडे रायगड सात महिने झुंजला आणि ३ नोव्हेंबर १६८९ ला पडला. येसूबाई आणि बाळ शाहू कैद झाले. शाहू महाराज सुटले १७०७ ला, बादशहा मेल्यावर. येसूबाई सुटल्या १७१९ ला, बाळाजी विश्वनाथ दिल्लीला जाऊन आले तेव्हा. जवळजवळ तीस वर्षं, साहेब. शत्रूच्या छावणीत आणि मग दिल्लीत, तीस वर्षं. राजाराम महाराजांना पळपुटे म्हणणाऱ्यानं एकदा या आकड्याकडे बघावं, कारण तसं म्हणताना आपण येसूबाईंचा निर्णयच खोटा पाडतो.

आता पन्हाळ्यापासून पुढची वाट. २६ सप्टेंबर १६८९. हाच पन्हाळा, जिथून २९ वर्षांपूर्वी थोरले महाराज, म्हणजे शिवाजी महाराज, भर पावसात विशाळगडाकडे निघाले होते. तेव्हा गाठायचं होतं ते आपल्याच मुलखात, एका रात्रीच्या आणि दिवसाच्या अंतरावर होतं. आता जायचं होतं जिंजीला, जवळजवळ सगळा कर्नाटक आडवा कापून तमिळ मुलखात, आणि मधे ठिकठिकाणी मोगलांची ठाणी. विशाळगड होता, बाकीचे किल्ले होते, मग इतक्या लांब का? कारण जवळचा कुठलाही किल्ला म्हणजे पुन्हा नवा वेढा, रायगड झाला पन्हाळा झाला, तिसरा कोणता एवढाच प्रश्न. जिंजी थोरल्या महाराजांनी १६७७ ला दक्षिणेच्या स्वारीत घेतली होती, मजबूत करून ठेवली होती, तिथे आपली माणसं होती. आणि राजा तिकडे गेला की मोगलांची फौज दोन ठिकाणी फाटणार, हे धाडस करण्यामागचं गणित होतं. इकडे रामचंद्रपंत अमात्य 'हुकूमतपन्हा' म्हणून कारभार बघणार, शंकराजी नारायण त्यांच्या जोडीला, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदानात.

बरोबर प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ चिटणीस, मानसिंग मोरे आणि आणखी काही निवडक लोक. वेष लिंगायत यात्रेकरूंचा. गोकाक, सौंदत्ती, नवलगुंद, लक्ष्मेश्वर, हावेरी या बाजूनं ते खाली उतरत गेले. औरंगजेबाला बातमी लागलीच, त्याचे हेर काय कमी होते का. त्यानं विजापूरच्या सय्यद अब्दुल्लाखानाला हुकूम सोडला आणि तो खान तीन दिवस तीन रात्री दौडत येऊन तुंगभद्रेजवळ या मंडळींवर पडला. नदीतल्या एका बेटावर मुक्काम होता, रात्रीची वेळ. तिथे झटापट झाली, बरेच मराठे सरदार आणि शिपाई पकडले गेले, मागे थांबून जे भालाईत (भालेकरी) लढले त्यांच्यात रुपाजी भोसले, संताजी जगताप ही नावं येतात. तेवढ्या वेळात राजाराम महाराज निसटले. पकडलेल्यांना विजापूरला नेऊन डांबलं, त्यातलेही काही पुढे कैदेतून निसटले. ज्यांना निसटता आलं नाही त्यांची नावं कुठे दिसत नाहीत.

माझी बस हरिहरच्या पुलावरून मध्यरात्रीनंतर जाते. ही लढाई बरोबर तिथेच झाली असं मी म्हणत नाही, पण नदी तीच. पूर्वी मी त्या वेळी झोपलेला असायचो. आता गजर लावून उठतो. ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर असतं, दिव्यांच्या उजेडात तपकिरी दिसतं, आणि पुलाच्या पुढे नुसता काळोख. मिनिटभरात पूल संपतो. मी पडदा सरकवून बघत बसतो आणि एकच विचार येतो, की या पाण्यात, या काळोखात, पाठीमागे घोड्यांचा आवाज येत असताना, पोहता येणारे किती आणि न येणारे किती असतील.

नदीच्या पलीकडे बेदनूरचं म्हणजे केळदीचं राज्य. राणी चन्नम्मा. (आपल्याकडे चन्नम्मा म्हटलं की कित्तूरची आठवते, ती वेगळी, ती इंग्रजांशी लढली १८२४ ला. ही केळदीची, सव्वाशेहून जास्त वर्षं आधीची.) तिनं राजाराम महाराजांना आपल्या राज्यातून वाट दिली, लपवलं, पुढे जायची सोय केली. का दिली? विजापूर गोवळकोंडा गिळलेल्या बादशहाला नाही म्हणायची ताकद छोट्या राज्यात कुठून येते? बादशहानं शिक्षा म्हणून जाननिसारखानाला तिच्यावर पाठवलं, तेव्हा संताजी घोरपडे तिच्या मदतीला धावले आणि शेवटी प्रकरण तडजोडीवर मिटलं. हे सगळं मला ऑफिसमधल्या शिमोग्याच्या मित्रानं पहिल्यांदा सांगितलं. त्याला चौथी-पाचवीत हा धडा होता. तो मला विचारतो, तुमच्या राजाला आमच्या राणीनं वाचवलं हे तुमच्याकडे शिकवतात ना रे? मी काय सांगणार. मान हलवली, कारण खरं सांगायची लाज वाटली. दोन राज्यांत सीमेवरून इतकी वर्षं जे चाललंय ते चाललंय, पण तिकडच्या पोराला माहीत असलेलं उपकाराचं नातं इकडच्या पोराला माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मग बंगळूर. माझं आताचं गाव म्हणून नाही, पण या सगळ्या प्रवासातला मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारा प्रसंग इथला आहे. एकेकाळी बंगळूर म्हणजे शहाजी राजांची जहागीर. जिथे आजोबांचा दरबार भरायचा त्याच गावात नातू वेष पालटून धर्मशाळेत उतरला. १६८७ ला मोगलांनी हे गाव जिंकलं होतं, त्यांची नजर अजून इथे होती. बखर सांगते की मुक्कामावर नोकर राजाराम महाराजांचे पाय धुवायला लागले. बाकीचे यात्रेकरू आपापले हातपाय धुतायत आणि एका पोरसवद्या माणसाचे पाय दुसरा धुतोय, तेही अदबीनं. तिथल्या कोणाच्या तरी नजरेत ते आलं, आपसात कुजबुज झाली की हा कोणीतरी मोठा माणूस दिसतोय, ठाण्यावर कळवायला पाहिजे. आपल्यातल्या कोणाला कानडी येत होतं, त्यानं ते ऐकलं.

इथे विचार करायला किती वेळ मिळाला असेल? सगळे एकदम उठले तर संशय पक्का. सगळे बसून राहिले तर सगळे पकडले जाणार. खंडो बल्लाळांनी सांगितलं, महाराजांनी एक दोघांना घेऊन वेगळ्या वाटेनं निघावं, बाकीचेही पांगून जातील, आम्ही इथेच थांबतो, आमच्यातलाच तो मोठा माणूस आहे असं त्यांना वाटू दे. तसंच झालं. ठाण्याची माणसं आली, खंडो बल्लाळ आणि बरोबरचे पकडले गेले. चाबकाचे फटके, डोक्यावर दगड, तोंडाला राखेचे तोबरे. आम्ही रामेश्वरला निघालेले यात्रेकरू, आम्हाला काही माहीत नाही, एवढंच एक उत्तर. मारणारे दमले, शेवटी खरंच यात्रेकरू असतील म्हणून सोडून दिलं. सुटल्यावर ते फिरत फिरत जाऊन महाराजांना मिळाले.

आता खरं सांगायचं तर हा प्रसंग ज्या बखरीत सविस्तर येतो ती मल्हार रामराव चिटणीसांची, म्हणजे खंडो बल्लाळांच्याच वंशजाची, आणि शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. घरातल्या माणसानं घरच्या माणसाबद्दल लिहिलंय म्हणजे थोडं मीठमसाला धरून चाला, मला मान्य आहे. पण राखेचा तोबरा बाजूला ठेवला तरी काय उरतं ते बघा. खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी. संभाजी महाराजांनी १६८१ ला त्यांना हत्तीच्या पायी दिलं होतं. बापाला ज्या घराण्यानं मारलं त्याच घराण्यातल्या मुलासाठी हा माणूस परमुलखात मार खात बसला. आणि हे एकदाच नाही, पुढे १६९७ च्या शेवटी जिंजीच्या वेढ्यातून महाराजांना बाहेर काढायचं होतं तेव्हा मोगलांकडे असलेल्या शिर्क्यांना वळवण्यासाठी यानंच आपलं कोकणातलं वतन सोडून दिलं. त्या काळात वतन सोडणं म्हणजे काय हे सातबाऱ्यावरून भावाभावात कोर्टकचेऱ्या करणाऱ्या आपल्याला कळायला हरकत नाही.

२८ ऑक्टोबरला राजाराम महाराज वेलूरला पोचले. पन्हाळ्यापासून ३३ दिवस. मग नोव्हेंबरात जिंजी, तिथेही लगेच दार उघडलं असं नाही, हरजी राजे महाडिक नुकतेच वारलेले आणि त्यांच्या पत्नी अंबिकाबाई, म्हणजे राजाराम महाराजांच्या सावत्र बहीण, गड द्यायला आधी तयार नव्हत्या, मग वळल्या. पुढच्याच वर्षी झुल्फिकारखान तिथेही येऊन धडकला. आणि जिंजी घ्यायला त्याला १६९८ चा जानेवारी उजाडला. तोवर महाराज निसटलेले होते, फेब्रुवारीत विशाळगडावर. सात वर्षांहून जास्त काळ बादशहाची एक मोठी फौज तिकडे दक्षिणेत अडकून पडली, खजिना तिकडे, रसद तिकडे, आणि इकडे संताजी धनाजींनी काय केलं ते आपल्याला माहीत आहे. ३३ दिवसांत तो पोरगा एकदा जरी पकडला गेला असता तर यातलं काय झालं असतं?

त्यांच्यात दोष नव्हते असं माझं म्हणणं नाही. थोरल्या भावासारखी तलवार त्यांची नव्हती, बरेचसे निर्णय प्रल्हाद निराजी आणि रामचंद्रपंतांचे होते, संताजींशी बिनसलं आणि शेवटी ते मारले गेले, ते तर अजून मनाला लागतं. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर गेले तेव्हा वय अवघं तीस. पण भित्रा माणूस इतक्या वेळा वेढ्यातून निघून पुन्हा उभा राहत नाही, आणि भित्र्यासाठी इतकी माणसं मागे थांबत नाहीत.

गेल्या जानेवारीत मी बायको मुलीला घेऊन जिंजीला जाऊन आलो. तिरुवण्णामलैपासून तासाभराचा रस्ता. तीन टेकड्या, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी, आणि तिन्हींना जोडणारी तटबंदी. आम्ही राजगिरीवर चढलो, नुसते मोठमोठे गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे, आपल्या काळ्या पाषाणाच्या गडांसारखं काहीच नाही, माकडं मात्र जिकडे तिकडे. अगदी वर दरवाजाच्या अलीकडे एक खोल घळ आहे, त्यावर अरुंद पूल. मुलगी पुलावर थांबून खाली बघत म्हणाली, बाबा, हा पूल काढून घेतला की वर येताच येणार नाही ना. मी म्हटलं, म्हणून तर इथे आले. तिनं विचारलं, आणि रायगडावरच्या काकू? मी तिला येसूबाईंचं सगळं सांगितलं, ती खाली उतरेपर्यंत काही बोलली नाही. तिथे आलेल्या मराठी माणसांचा आणखी एक ग्रुप भेटला, पुण्याकडचे होते, फोटो काढत होते, त्यांनीही मला तेच विचारलं, राजाराम इथे पळून आले होते ना? मी सगळ्यांना बसवून अर्धा तास सांगितलं. ऐकलं त्यांनी, एका आजोबांनी तर वही काढून नावं लिहून घेतली.

म्हणून ही विनंती. युनेस्कोच्या यादीतल्या १२ किल्ल्यांपैकी रायगड, प्रतापगड, पन्हाळा आणि जिंजी हे चार या एकाच सुटकेच्या वाटेवरचे आहेत, हे कुठल्या लेखात मी तरी वाचलं नाही. केशव पंडित म्हणून एक विद्वान होते, त्यांनी त्याच काळात जिंजीला बसून या प्रवासावर संस्कृतात 'राजारामचरितम्' लिहिलंय, म्हणजे साधनं नाहीत असंही नाही. यंदा २६ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या ३३ दिवसांत तुम्ही रोज एक छोटा चौकोन छापा, जिथली माहिती पक्की आहे तिथली द्या, बाकीच्या दिवशी येसूबाई, खंडो बल्लाळ, केळदीची राणी, बेटावर पकडले गेलेले लोक यांच्याबद्दल लिहा. बेळगाव, धारवाड, बंगळूरकडे तुमचे वाचक आहेत, ते आपापल्या गावची आठवण कळवतील. आणि तोवर निदान 'पळून गेले' हे दोन शब्द तरी तुमच्या पानावर नकोत, 'निसटले' लिहा, 'वेढा फोडून गेले' लिहा, मराठीला शब्दांची वाण नाही.

हरिहरच्या पुलाचे, केळदीच्या रामेश्वर देवळाचे आणि जिंजीच्या त्या घळीचे फोटो माझ्याकडे आहेत. लागले तर कळवा, लगेच पाठवतो.

आपला,
एक वाचक, बंगळूर (मूळ गाव कोल्हापूर)